उघडतानाच बंद करायची सोय

घनसावंगीजवळच्या गावात माझ्या आत्याची मोसंबीची रोपवाटिका आहे. जंबेरी लिंबाच्या खुंटावर ती स्वतः मोसंबीचे डोळे भरून कलमं करते. गेल्या उन्हाळ्यात तिचा गुडघा धरला आणि दिवसातून चारदा पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला-बंद करायला जाणं जमेना. मी जालन्यात प्रोग्रामर आहे. म्हटलं, पाणी आपोआप सुटेल असं यंत्र बसवून देते.

बसवलंही. व्हॉल्व्ह उघडायचा, मातीतली ओल मोजत राहायची, पुरेशी झाली की बंद करायचा. प्रोग्राममध्ये बंद करायची ओळ मी सगळ्यांत शेवटी लिहिली होती. ओल मोजणाऱ्या सेन्सरकडून आकडा आला नाही तर काम सोडून बाहेर पडायचं, हेही मीच लिहिलं होतं. पण मधूनच बाहेर पडलं तर शेवटची ओळ चालणारच नाही, हे डोक्यातच आलं नाही.

आठवड्याभरात सकाळी सकाळी आत्याचा फोन. "पोरी, टाकी खाली झाली. वाफ्यात नुसता गारा झालाय बघ."

मी जीपने पोचले तेव्हा ती दुखऱ्या पायाने खोरं घेऊन पाण्याला वाट काढत होती. कलमांच्या पिशव्या पाण्यात उभ्या. खारीने सेन्सरची वायर कुरतडली होती. मी आत्याच्या हातातून खोरं घेतलं.

दुपारी शेडखाली लॅपटॉप उघडला. प्रोग्राममधून बाहेर पडायच्या तीन वाटा होत्या, तिन्हींवर बंद करायची ओळ घातली. मग वाटलं, फार वेळ पाणी चाललं तरी थांबायला हवं. ती चौथी वाट लिहिली आणि चाचणी घेतली, तर व्हॉल्व्ह उघडाच! तिथे ओळ घालायची मी पुन्हा विसरले होते.

मग सगळं पुसलं. आता व्हॉल्व्ह जिथे उघडतो, तिथेच त्याच्या बंद होण्याची सोय लावून ठेवली. त्या कामाच्या ओळींचा कंस संपला, मग तो कुठल्याही वाटेने संपो, प्रोग्रामची भाषा स्वतःच बंद करायची ओळ चालवते. मला लक्षात ठेवायला काही उरलंच नाही. पाणी सुरू करून मी नव्याने जोडलेली सेन्सरची वायर उपटली. खट् करून व्हॉल्व्ह मिटला.

आत्या बघत होती. "आन् मधीच लाइट गेली मंग?"

प्रोग्रामच बंद पडला तर त्यातली कुठलीच ओळ चालत नाही. व्हॉल्व्हसोबत आलेला माहितीचा कागद काढून वाचला. करंट गेला की तो आतल्या स्प्रिंगने मिटतो, असं लिहिलं होतं. तरी आत्याने कागदावर भरवसा ठेवला नाही. पाणी पुन्हा सुरू करायला लावलं, स्वतः जाऊन मेन स्विच पाडला, नळीला कान लावला.

"बराबर हाय," ती म्हणाली. "आता न्हाई वाहत."

काही कलमं सडली. बाकीची आम्ही दोघींनी नव्या मातीत भरली, आणि पंधरा दिवसांत त्यांना पोपटी फुटवा आला. त्याच महिन्यात आत्या मैत्रिणीच्या लेकीच्या लग्नाला जांब समर्थला गेली आणि चांगली दोन दिवस राहिली. मी फोन करून विचारलं, "आत्या, पाण्याची काळजी वाटत न्हाई ना?"

"कशाचं पाणी?" ती म्हणाली. "हळदीला बसून राह्यले मी. ठेव आता."