म्हात्रेमामांची जाळी

विषय : फोर्जिंग प्रेससमोर लोखंडी जाळी बसवण्याबाबत.
संदर्भ : ऑपरेटर म्हात्रे यांचा अर्ज. आवक माझ्याच हस्ते.

अंबरनाथच्या त्या कारखान्यात मी कारकून होतो. फायली दरवर्षी रद्दीत जायच्या, किस्से मात्र साठत गेले. बरेचसे खांबामागे उभं राहून पाहिलेले!

टायटॅनियमची पावडर दाबून, भट्टीत भाजून आम्ही ठोकळे करायचो. त्यांच्या पोटात बारीक छिद्रं राहतात. ठोकळा पुन्हा तापवून प्रेसखाली दाबला की ती मिटतात. पुरता तापलेला ठोकळा कणकेसारखा दबतो. जरा गार पडला तर फुटतो, आणि तुकडा कुठे जाईल ते कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून म्हात्रेमामांचा नियम : दाबताना सगळ्यांनी खांबामागे.

नवा इंजिनीअर हसला. "मामा, एवढं घाबरता?"

मामांनी खांबावरचा खड्डा दाखवला. "ह्यो माझ्या कानाजवलून गेला."

दुसऱ्या दिवशी खांबामागे पहिला नंबर इंजिनीअरचा!

*

एकदा भट्टीचा तापमान दाखवणारा मीटर म्हणाला, ठोकळा तापला. मामा म्हणाले, "रंग नाय आला. दाबनार नाय."

"मीटर खोटं बोलेल का?" इंजिनीअर.

"मीटरला डोले हायत? माझे दोन हायत, ते मला घरी न्यायचेत!"

मीटरची वायर ढिली निघाली. त्याच दुपारी मामांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. प्रेससमोर जाळी हवी. कारण खांब आम्हाला होता. प्रेसचा दांडा खांबाच्या पुढे आहे, तो ओढणाऱ्या मामांना आडोसा नाही.

उल्हासनगरहून येणाऱ्या सिंधी शेठनी अर्ज वाचला. "जाळी लावली तर पार्टीला माल दिसणार कसा, साईं?"

*

मग माल घेणारी पार्टी आली. शेठ म्हणाले, "मामा, ठोकळा चिमट्यात धरा, फोटो काढू." एक फोटो. दुसरा. तिसरा शेठसकट.

"शेठ, गार परला! परत भट्टीत घालतो."

"पार्टीला वेळ नाही. दाबा!" असं म्हणून शेठ पार्टीला घेऊन केबिनच्या काचेआड गेले. आम्ही खांबामागे. मामांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि दांडा ओढला.

धाडकन आवाज झाला. तुकडा मामांच्या हेल्मेटला घासून थेट केबिनची काच फोडून आत!

टेबलाखालून आवाज आला, "साईं, मी आहे ना अजून?"

*

चौथ्या दिवशी जाळी आली. चांगली जाड. मामांनी फोडायला नारळ आणला.

फिटरने जाळी शेठच्या केबिनला बसवली. मामांनी नारळ परत पिशवीत ठेवला.

मी निवृत्त झालो. मामा अजून प्रेसवर आहेत. अर्ज विचाराधीन आहे.