गेर्वाझींच्या दोन टोळ्या

गेर्वाझी आयुष्यभर पोलंडमधल्या पोझ्नानात ट्राम चालवत आले आणि आयुष्यभर बोलत आले. तरुणपणापासून नेमाने रक्तदान करायचे. त्याबद्दल मिळणारी चॉकलेटं घरी पोचेपर्यंत निम्मी झालेली असायची. इतका भाबडा आणि इतका खादाड माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या प्रयोगशाळेत मात्र त्यांचा थाट वेगळाच. आम्ही एनकेटी नावाच्या पांढऱ्या पेशींवर काम करतो. माणसाच्या रक्तात त्या इतक्या विरळ, की त्यांचे दोन गट पाडायला जावं तर हाती काहीच उरत नाही. गेर्वाझींच्या रक्तात मात्र त्यांचा नुसता सुकाळ. का, ते देव जाणे! म्हणून त्यांच्या रक्तदानाच्या वेळी एक जादा नळी आमच्यासाठी भरली जायची.

यंदाचं दान शेवटचं होतं. पासष्टी झाली की रक्तपेढी घेत नाही, आणि त्यांचा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी. पण वार आला ईस्टरचे उपास सुरू होण्याआधीचा गुरुवार. त्या दिवशी अख्खं गाव पोंचकी खात सुटतं. गुलाबाचा मुरंबा भरलेले, तळलेले गुबगुबीत गोळे. तेलकट खाऊन येऊ नका, असं मी बजावलं होतं. नळी यंत्रात गरगर फिरवून पाहते तर रक्तावरचं पाणी चरबीने पांढरंफेक.

"किती हाणल्यात?" मी विचारलं.

"एक चाखून पाहिली, बाई."

"एका पोंचकीने रक्ताची खीर होत नाही!"

"बायकोसमोर विचारू नका म्हणजे झालं."

पण रक्तपेढीने त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं तेच पाणी, बाद केला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "शेवटचं दान, तेही मीच खाऊन टाकलं," म्हणाले. मला हसूही आवरेना आणि वाईटही वाटलं.

आमच्या नळीतल्या पेशी शाबूत होत्या. आमची तरुण संशोधक मिलेना, तिने त्या पुन्हा पुन्हा धुतल्या. सीडी४ ही खूण अंगावर असलेल्या एकीकडे काढल्या, नसलेल्या दुसरीकडे, आणि दोघींना डिवचलं. दुसऱ्या दिवशी गेर्वाझी आले तेव्हा निकाल पडद्यावर होता.

"काका, ही खुणेची टोळी," मिलेना म्हणाली. "ही भडकवणारे निरोपही सोडते आणि शांत करणारेही. बिनखुणेची मात्र भडकवतेच जास्त, आणि कर्करोगाची पेशी दिसली की सरळ मारायला धावते."

"म्हणजे पहिली माझी बायको. आधी झापणार, मग वाढणार. दुसरी सासूबाई!"

आम्ही हसतोय तोवर त्यांनी निघायला म्हणून टोपी डोक्यावर चढवली.

"छान झालं, पोरी," म्हणाले. "पण आता पासष्टी झाली. माझं इथलं काम संपलं."

"कुणी सांगितलं?" मीच तडकले. "वयाची अट रक्तपेढीची. आमच्या एका नळीला कसली अट?"

"उलट खरा प्रश्न आता सुरू होतो, काका," मिलेना म्हणाली. "वय वाढतं तसं यातली कुठली टोळी आधी थकते, ते बघायचंय. एकाच माणसात, वर्षानुवर्षं. याल?"

"त्यासाठी मला काय करावं लागेल?"

"म्हातारं व्हायचं. सावकाश."

गेर्वाझींनी टोपी काढली, डोळे पुसले आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

"जमेल," म्हणाले. "मला काही घाई नाही."