निळी साडी पोखऱ्याला गेली

मे महिन्यात अमळनेरच्या फलाटावर उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. त्या तव्यावर आमच्या तीन बॅगा होत्या आणि त्यांतली सगळ्यात जड साड्यांची होती. मी आणि सुधाकर नेपाळला निघालो होतो. पासपोर्ट लागत नाही, बसमधून उतरून पायी जाता येतं, असा तो परदेश. पण आमच्या गल्लीत आम्ही 'फॉरेनला' निघालो होतो आणि सासूबाईंनी ते सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं होतं.

साड्यांची ती बॅग ही माझी प्रवासातली पहिली हार. माझं बालपण धुळ्यात पत्रकं वाटण्यात गेलं. वडील चळवळीतले. छापखान्यातून आलेली पत्रकं शाई ओली असतानाच माझ्या हातात पडायची. हुंडा नको, मानपान नको, देखावा नको, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. लग्नात मी एकही आहेर घेतला नाही. मग सासरच्या बायकांनी पुढे एकेकीनं घरी बोलावून मला साडी नेसवली आणि आपला मान राखला. आता त्यातल्या प्रत्येकीला आपली साडी फॉरेनच्या फोटोत बघायची होती.

"पाचोऱ्याच्या मावशीची मोठ्या स्तूपापाशी नेस," सासूबाई म्हणाल्या. "काकूंची राजवाड्यापाशी. नाही दिसली तर वर्षभर बोलणी मला बसतील. तुझी पत्रकं येणार नाहीत माझ्या मदतीला."

एक साडी मात्र मी स्वतःहून घेतली होती. निघायच्या आधी आम्ही शिंदखेड्याला सुधाकरच्या मोठ्या बहिणीकडे, अक्कांकडे, गेलो होतो. अक्कांना सासरच्यांनी कुठे धाडलं नाही. जवळच्या तोरणमाळलासुद्धा नाही. कुठं जायचं म्हटलं की दाजी विचारत, "घर कोन दखी?" (घर कोण बघेल?) आणि विषय संपायचा. आम्हाला बघून ते ओट्यावरूनच ओरडले, "काय मास्तर, फॉरेनले निंघनात म्हने!"

अक्कांनी मला चुलीपाशी बोलावलं आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली साडी हातात दिली. गडद निळी. ही एकच साडी त्यांनी स्वतः पसंत करून घेतलेली होती. घेतली त्या दिवशी सासरी विचारलं गेलं, 'ही नेसून कुठं जायचंय?' तेव्हापासून ती पेटीत होती.

"माले कोन जाऊ देस?" अक्का म्हणाल्या. (मला कोण जाऊ देतं?) "साडीले ते कोनी आडावत नही. इले लई जा. बर्फना डोंगरपुढे एक फोटो काढ." (साडीला तर कोणी अडवत नाही. हिला घेऊन जा.)

मी शब्द दिला. देखाव्याच्या विरोधात पत्रकं वाटलेली मी, एका फोटोचा शब्द देऊन बसले.

भुसावळहून गोरखपूरपर्यंतच्या प्रवासाबद्दल मी फार लिहिणार नाही. उकाडा, कोळशाची कणी डोळ्यात गेल्यासारखी धूळ, आणि टूरच्या कूपनवर मिळणाऱ्या पुरीभाजीचा वास. सुनौलीला आम्ही एका कमानीखालून पायी पलीकडे गेलो. टूर नेणाऱ्या भाऊंनी सांगितलं, "घड्याळं पाव तास पुढे करा. परदेश आला." सगळ्यांनी मनगटं वर केली. एवढाच काय तो फरक. माशा दोन्हीकडच्या सारख्याच होत्या.

बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर जळगावच्या कांचनभाभी आणि त्यांचे शेठजी होते. कापडाचं दुकान, घरचे खाकरे, घरचं लोणचं, सूर्यास्ताआधी जेवण. "वहिनी, तुम्ही फार गप्प असता," भाभी खाकरा पुढे करत म्हणाल्या. "फिरायला आलात की मोर्च्याला?" माझ्या पत्रकांची कथा त्यांनी सुधाकरकडून काढून घेतली होती.

काठमांडूत मी फिरले कमी आणि साड्या बदलल्या जास्त. स्वयंभूनाथाच्या पायऱ्या चढायच्या, वर एखाद्या दुकानाच्या मागे आडोशाला मावशीची साडी नेसायची, सुधाकर कॅमेरा डोळ्याला लावणार, "थोडं हस," म्हणणार, आणि माकड पिशवी ओढणार. कॅमेरा त्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा होता. रोल एकच. दरबार चौकातली लाकडी खिडक्यांवरची कोरीव नक्षी बघायला मला अर्धा दिवसही पुरला नसता. पण त्या नक्षीपुढे काकूंच्या साडीचा पदर नीट दिसतो की नाही, एवढंच माझ्या वाट्याला आलं. पाटणच्या गल्लीत एक बाई उंबऱ्यात बसून लोकर विंचरत होती. तिनं माझ्याकडे आणि साड्यांनी भरलेल्या माझ्या पिशवीकडे बघून हिंदीत विचारलं, "बेचने आई हो?"

मी सुधाकरला म्हटलं, "बघ. जगाला कळतंय, मी माणूस नाही, मांडणी आहे."

"दोनच साड्या राहिल्यात," तो म्हणाला. त्याला माझी भाषणं पाठ होती. भाषण संपेपर्यंत तो लेन्स पुसत बसायचा.

काठमांडूहून पोखऱ्याला जाताना डोंगरात वादळानं गाठलं. बस थांबली, गारा पडल्या, टपावरची ताडपत्री फाटून वाऱ्यावर फडफडू लागली. मुक्कामाच्या लॉजवर बॅगा खाली आल्या तेव्हा साड्यांच्या बॅगेतून निळं पाणी ठिबकत होतं.

पेटीत राहिलेली अक्कांची साडी. कधी नेसलेली नाही, म्हणून कधी धुतलेलीही नाही. तिनं सगळा रंग सोडला होता. मावशीची पिवळी साडी हिरवट झाली होती, काकूंच्या पांढऱ्या काठांवर निळे नकाशे उमटले होते, आणि सासूबाईंची मोतिया साडी तर ओळखूच येईना.

कांचनभाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगं बाई! नवी साडी आधी मिठाच्या पाण्यात बुडवतात. एवढं पण नसतं का तुमच्या पत्रकांत?"

मी हसायला लागले. थकवा इतका होता की हसू थांबेना. मग भाभीही हसल्या, पदर खोचला आणि माझ्याबरोबर साड्या पिळायला बसल्या. आम्ही सगळ्या साड्या गच्चीत वाळत घातल्या. निळी सगळ्यांपासून लांब, एकटीच एका दोरीवर.

पोखऱ्यात आम्हाला एकच सकाळ मिळणार होती, आणि आल्यापासून डोंगराच्या जागी नुसता राखाडी पडदा होता. रोलवर एकच फोटो उरला होता. तो मी सुधाकरला शपथ घालून राखायला लावला होता.

पहाटे वादळानं आभाळ धुऊन काढलेलं. सुधाकरनं हाक मारली आणि मी गच्चीवर धावले. समोर माछापुच्छ्रेचं शिखर उभं होतं. इतकं पांढरं, इतकं जवळ की मी क्षणभर दोरीला धरून उभी राहिले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी काहीतरी नुसतं बघत होते.

खाली बसचा हॉर्न वाजला. मी साडी ओढायला गेले. ती अजून ओलसर होती आणि बोटं गारठलेली. दोरीवर तिला जागोजागी गाठी मारून ठेवल्या होत्या आणि त्या सुटत नव्हत्या. डावीकडून ढग निघाला होता.

"नेसायला वेळ नाही," सुधाकर म्हणाला.

"एक मिनिट थांब."

"अगं, चाललंय ते!"

"थांब म्हटलं ना!"

मागे खटका वाजला. मी वळले तेव्हा त्यानं कॅमेरा खाली केला होता. फोटोत मी नव्हते. दोरीवर टांगलेली रिकामी साडी होती. ढगानं शिखर गिळलं.

"अरे, बाई नको का त्यात?" मी ओरडले. "नुसती साडी लटकवून ठेवलीस? अक्कांच्या सासरी तरी त्यांना काय वेगळं समजतात?"

"तुझ्यासाठी थांबलो असतो तर तेही मिळालं नसतं."

त्याचं खरं होतं आणि म्हणूनच मला ते सहन होईना. परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून बसले. बुद्धांच्या जन्मगावी, लुंबिनीला, बस थांबली. ज्या जागेबद्दल मी लहानपणापासून वाचत, ऐकत आले, तिथं मी झाडाखाली दगडावर बसले. फोटो नाही, साडी बदलायची नाही. ऊन होतं, एक म्हातारी भिक्खुणी अंगण झाडत होती. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की अक्कांना काय सांगू.

अमळनेरला फोटो धुऊन आले. सासूबाईंनी डाग पडलेल्या साड्यांवरून एक दिवस अबोला धरला. मग फोटोंत मावशी-काकूंच्या साड्या ठळक दिसतायत म्हटल्यावर तो सोडला. मी शेवटचा फोटो आणि निळी साडी बाजूला काढली आणि शिंदखेड्याची गाडी धरली.

अक्का चुलीपाशी होत्या. त्यांनी हात पुसले आणि फोटो उजेडाकडे धरला. फिकी झालेली निळी साडी वाऱ्यानं फुगलेली, मागे पांढरं शिखर, कोपऱ्यात ढगाची कड.

"अक्का, मी नेसणार होते, पण..."

"बरं व्हयनं, तू नही नेसनी," त्या म्हणाल्या. "तू नेसती ते हाऊ तुना फोटो व्हता." (तू नेसली असतीस तर हा तुझा फोटो झाला असता.)

रिकाम्या साडीत मला अपमान दिसला होता. त्यांना त्यात स्वतःची जागा दिसली होती. पत्रकांनी मला पुष्कळ शिकवलं, पण इतकं फिरून आल्यावर हे मला त्या चुलीपाशी कळलं.

अक्कांनी फोटो भिंतीवर, पिठाच्या डब्याच्या वर, खिळ्याला अडकवला. साडी मात्र पेटीत गेली नाही. ती त्यांनी दांडीवर टाकली, रोजच्या साड्यांत.

दाजी पाणी प्यायला आत आले. तांब्या हातात धरून ते फोटोपुढे थांबले.

"फॉरेनना फोटो का हाऊ?" त्यांनी विचारलं. "पन यानामा कोन शे?" (पण यात कोण आहे?)

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"आते ते कोनी नही," त्या म्हणाल्या. (सध्या तरी कोणी नाही.)