न कापला जाणारा दोर
परवा चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या आमच्या कचेरीत नव्या दोराचं भेंडोळं उघडलं आणि त्या नायलॉनच्या वासाने मला थेट तिथून जवळच्याच कोवलमच्या किनाऱ्यावर नेऊन उभं केलं. पळणारी बोट माणसांना इजा न करता थांबवायचा दोर आम्ही बनवला होता. पाण्यात टाकला की तो बोटीच्या पंख्यात गुंतायचा आणि इंजिन बंद पडायचं. पेटंटच्या अर्जाआधीची शेवटची चाचणी म्हणून एका कोळ्याची बोट घेतली होती, चालवायला तोच होता. बोट थांबली, आम्ही वाळूवर टाळ्या वाजवल्या, आणि वारा फिरला. बंद पडलेली बोट खडकांकडे सरकू लागली. कोळ्याने पाण्यात उडी मारून सुरी चालवली, पण दोर कापला जाईना. तो कापला जाऊ नये म्हणूनच तर मी दोन वर्षं खपलो होतो. "सार, हा कापायचा कसा?" तो तमिळमध्ये ओरडत होता. ते आम्ही ठरवलंच नव्हतं. मी छातीभर पाण्यात उभा राहून नुसता "बोट सोडा, बोट सोडा!" म्हणत राहिलो. अखेर तो पोहत बाहेर आला आणि त्याच्या डोळ्यांदेखत बोट फुटली. लाटा ओसरल्यावर त्याने इंजिन ओढून आणलं, वाळूत बसून पंख्यावरचा दोर वेढ्यामागून वेढा सोडवला, नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "बघा सार, तुमच्या दोराला काही झालं नाही." चाचणीत कुणालाही इजा झाली नाही, असं मी अर्जात लिहिलं. ते खरंच आहे. पेटंटचं प्रमाणपत्र आज कचेरीच्या भिंतीवर आहे. मी टेबल फिरवून घेतलं, आता त्याच्याकडे पाठ करून बसतो.