साडूंचा स्वार्थ

स्वतःच्या स्वार्थासाठी आमच्या साडूंइतका झिजलेला माणूस पुण्यात दुसरा झाला नाही. साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. इंजिनिअरिंगला असताना त्यांच्या हाती परदेशातल्या एका बाईंची हजार पानी इंग्रजी कादंबरी पडली आणि त्या दिवसापासून ते जे बाईंचे झाले ते आजतागायत. सरकारनं माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं, कोणी कोणाचं फुकट घेऊ नये, आणि दुसऱ्यासाठी त्याग करणं हा शुद्ध भंपकपणा आहे, एवढंच बाईंचं म्हणणं. तेवढ्यासाठी हजार पानं! मी दोन कादंबऱ्या लिहिल्यात, मराठीत, दोन्ही मिळून तीनशे पानांच्या आत, म्हणून जीव जळतो.

परवान्यांचं राज्य उठलं तशी साडूंनी सरकारी नोकरी सोडली आणि दहा-बारा माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत शिरले. सासरेबुवांनी महिनाभर अबोला धरला. पुढे खराडीला काचेच्या इमारतीत साडूंना केबिन मिळाली तेव्हा त्याच सासरेबुवांनी पेढे वाटले आणि आमच्या घरी हिचं "ताईच्या यांचं बघा जरा" हे पालुपद सुरू झालं. केबिनचं मला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, वाटलं. पण खरा जळलो तो बाईंवर. ऑफिसातल्या प्रत्येक नव्या पोराला साडू ती कादंबरी विकत घ्यायला लावत. पोरंही ती वाचून छाती काढून चालायची, दोघांनी तर नोकरी सोडून स्वतःच्या कंपन्या काढल्या. बाई जाऊन किती वर्षं झाली, तरी फुटपाथवर त्यांच्या पुस्तकांची चळत असते. मी धडधाकट जिवंत, आणि माझं पुस्तक दुकानदाराला माळ्यावरून काढावं लागतं!

बाईंना कोणी नावं ठेवली की मला गुदगुल्या व्हायच्या. आमच्या शेजारचे प्राध्यापक म्हणत, "गोवरासारखी आहे ही बाई. लहान वयात येऊन गेलेली बरी." एकदा दिवाळीच्या फराळाला मी त्यांना मुद्दाम साडूंसमोर बसवलं. "गरिबानं काय करायचं, ते सांगितलंय का तुमच्या बाईंनी?" प्राध्यापकांनी तोफ डागली. साडूंनी शांतपणे चकली मोडली. "आपण किती वाचलीय?" "पन्नास पानं. पुरली." "मग पन्नास पानांपुरतंच बोलावं." मी मध्ये पडलो नाही. मी स्वतः साठाव्या पानावर हात टेकले होते.

आता बाईंचा हा कट्टर भक्त वागतो कसा? हिचं ऑपरेशन झालं तेव्हा साडू तीन दिवस रजा टाकून हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. मी आभार मानायला गेलो तर अंगावरच आले. "अहो, त्याग वगैरे समजू नका हं. इथल्या कँटीनची इडली मला आवडते. माझा स्वार्थ आहे." ती इडली मी खाल्ली होती. भिंतीवर मारली असती तर टप्पा खाऊन परत आली असती.

माझी पहिली कादंबरी आली तेव्हा मी 'सप्रेम भेट' लिहून नातेवाइकांत प्रती वाटत सुटलो. सगळ्यांनी घेतल्या, सगळे "छान आहे हो" म्हणाले, वाचली एकानंही नाही. साडूंनी तर प्रत उघडलीही नाही, सरळ माझ्या हातात परत दिली. "फुकटचं घेत नाही मी." मला इतकं लागलं म्हणून सांगू! पुन्हा कधी मी त्यांच्यापुढे माझ्या लिखाणाचा विषय काढला नाही. जगात एका माणसानं माझं वाचावं असं फार वाटत होतं, आणि नेमका तोच बाईंनी बळकावला होता.

गेल्या महिन्यात निवृत्त होऊन साडू वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पुस्तकं लावायला मीही गेलो. बाईंची कादंबरी निघाली, पानं सुटलेली, पाठीला चिकटपट्ट्या. तिच्याखाली माझी, वरून कोरी करकरीत. आत दुकानाची पावती होती, मला प्रत परत केली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. पान बावीसवर पेन्सिलीनं 'इथवर' आणि तारीख. एकोणचाळीसवर पुन्हा 'इथवर', काही वर्षांनंतरची तारीख. एकाहत्तरवर तिसरं, गेल्या वर्षीचं.

"तीनदा सुरू केलीत?" मी विचारलं.

"रटाळ आहे हो," साडू म्हणाले. "तो तुमचा नायक गॅलरीतून उठतच नाही. पूर्ण किंमत मोजलीय म्हणून स्पष्ट सांगतो."

"मग पुन्हा पुन्हा कशाला हातात घेतलीत? माझ्यासाठी?"

"छे! तुमच्यासाठी कशाला?" साडूंनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि बाईंच्या शेजारी नीट उभं केलं. "माझा स्वार्थ आहे."

परत येताना फुटपाथवर थांबून मी बाईंची कादंबरी विकत घेतली. घासाघीस केली नाही. सध्या एकशे चारव्या पानावर आहे. बाई फार बोलतात हो, पण आता सोडवत नाही. माझाही स्वार्थ आहे.