वायलं निंगनं

अमरावतीच्या एका हौशी मंडळानं वादविवाद ठेवला आणि अट घातली की बोलायचं ते वऱ्हाडीतच. विषय मात्र असा, की वऱ्हाडीच्या सात पिढ्यांनी ऐकला नसेल: 'व्यापारी संघातून बाहेर पडणे देशाच्या हिताचे आहे.' इंग्लंड युरोपातून निघून गेलं त्याला बरीच वर्षं झाली. फायदा झाला की तोटा यावर ते लोक अजून भांडतायत, आणि आमच्या मंडळाला त्याची आत्ता आठवण झाली. मी मूर्तिजापूरला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून प्राचार्यांनी मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. वर चिठ्ठी निघाली ती बाहेर पडण्याच्या बाजूची. मी मनातून अगदी उलट मताची. पण मला भांडायला मिळालं की बाजू कुठली ते मी फारसं बघत नाही, असं माझा नवरा म्हणतो, आणि माझ्या माहेरचेही माना डोलावतात.

खरी पंचाईत भाषेची होती. आयात शुल्क, सार्वभौमत्व, सामाईक बाजारपेठ, हे वऱ्हाडीत बोलायचं कसं? डोकं खाजवून खाजवून थकले, आणि मग पोळ्या लाटताना एकदम सुचलं की आपल्याकडे याला शब्द आहे की. भाऊ-भाऊ वेगळे झाले, एका चुलीच्या दोन चुली झाल्या, की गावात म्हणतात, "वायले निंगले." वायलं म्हणजे वेगळं. त्या एका शब्दात वाटणी येते, रुसवा येतो आणि आई कोणाकडे जेवणार हा प्रश्नही येतो. सार्वभौमत्वाला याहून चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही.

आमची स्वतःची चूल एकच होती. घर गावाच्या कडेला, धंदा भाजीपाल्याचा. मेथी, वांगी, आणि सांबार, ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि माझा नवरा मिळून शेत पाहतात आणि माल अकोल्याच्या बाजारात नेतात. घरात सासूबाई, मोठी जाऊ आणि मी. आज काय शिजणार ते सासूबाई ठरवणार, त्यावर मी चार सूचना करणार आणि मोठी जाऊ ते सगळं निमूट करणार, अशी आमची घटना होती. जाऊबाई म्हणजे शब्दाला महाग बाई. एवढी बोलणारी मी आणि एवढी गप्प ती, तरी आमचं छान जमायचं. निदान मला तरी तसं वाटायचं.

तर संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता माझी तालीम चालायची, तीही मोठ्यानं. "काहून राहाचं एकत्र? आपल्या घरचा कायदा दुसऱ्यानं कराचा अन् आपन फक्त मान हालवाची? नाई जमत बाप्पा! आता वायलंच निंगाचं!" जाऊबाई बाहेर अंगणात दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसलेली असायची. हातातलं काम तसंच ठेवून ती ऐकायची. मला वाटायचं, भाषण रंगतंय.

अमरावतीत माझ्यासमोर एक निवृत्त बँक अधिकारी होते. गोड बोलणारे आणि पक्के. म्हणाले, "वायलं निंगलं तरी विहीर थेच रायते. पान्यासाठी पुन्हा त्याच्याच दारात जा लागते, अन् आता नंबर लावून." सभागृह त्यांच्या बाजूला झुकलं. खरं तर मुद्दा बिनतोड होता, इंग्लंडचं नेमकं तेच झालं. पण मी काय ऐकून घेणार? म्हटलं, "लावू ना नंबर. पन घागर आपली राहीन, अन् कवा भराची थे आपन ठरवू." टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस शाल. तीही भर मे महिन्यात.

दुपारच्या एसटीनं घरी आले तर अंगणामागची सामानाची खोली रिकामी. खताची पोती, फवारणीचा पंप, जुने क्रेट, सगळं अंगणात आलेलं. जाऊबाई पदर खोचून भिंतीला चुना देत होती.

"बाई, हे काय करून राहिल्या?"

"तू म्हनून राहिली होती ना, वायलं निंगाचं म्हनून," ती म्हणाली. "तुमी पुढचं घर ठेवा. आमी मांगं राहू. मले चालते."

मला हसू आवरेना. पिशवीतून शाल काढून दाखवली, सगळं समजावलं. "अवं बाई, थे इंग्लंडचं होतं."

तिनं चुन्याचे हात पदराला पुसले, शालीची घडी नीट केली आणि माझ्या हातात दिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे आपलं नाई निंगाचं?"

माझं हसू तिथंच थांबलं. आधी आला तो राग. माझा राग नेहमी सगळ्यांच्या आधी हजर असतो. "काहून? काय कमी हाये इथं?" असं सुरू झाले, आणि अमरावतीत जे खोडून शाल मिळवली होती तेच सगळे मुद्दे तिच्यापुढे मांडत गेले. विहीर एक, मोटर एक, गाडी एक, आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, त्याही एकच. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कमी काईच नाई," ती म्हणाली. "तू बी चांगली, आत्याबाई बी चांगल्या. पन मी लगन होऊन आली थे आत्याबाईच्या सैपाकघरात. मंग तू आली. मले एकडाव माह्यं घर पाह्यजे वं. सकाळी उठून आज काय कराचं थे मले ठरवाचं हाये."

मी रडले, चांगली मोठ्यानं. मला ती दूर जायला नको होती, एवढंच खरं होतं, आणि तो काही मुद्दा नव्हे.

मग रीतसर वाटाघाटी झाल्या. सासूबाई आधी म्हणाल्या, "लोकं काय म्हंतीन?" आणि लगेच विचारलं, "मी कोनाकडे जेवाचं?" ज्या घरी भाजी बरी, त्या घरी, असं ठरलं. शेत आणि बाजाराची गाडी एकत्रच राहिली. फ्रिज पुढच्या घरात, मिक्सर गरजेप्रमाणे अंगण ओलांडेल. शेवटी भासऱ्यांनी लोणच्याच्या बरणीचं काय ते विचारलं, आणि तिथं मात्र चर्चा बराच वेळ अडली.

ती मागे राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी मी तिच्याकडे गेले. दारात पाय अडखळला. एरवी मी घरभर न विचारता हिंडणारी, आता आत जावं की हाक मारावी तेच कळेना.

"ये ना, बस," आतून आवाज आला.

तिनं सतरंजी टाकली. ताटलीत ठेवून पाण्याचा गडवा दिला. चहाचं आधण ठेवलं आणि विचारलं, साखर किती टाकू. लग्न झाल्यापासून मी तिच्याच हातचा चहा पीत आले होते, पण असं तिनं कधी विचारलं नव्हतं. मी पहिला घोट घेईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"चांगला झाला," मी म्हटलं.

ती हसली. "माह्या घरी तूच पयली आली वं," ती म्हणाली.