माझ्या पोरीचं पोट

१९९६ साल. मी तवा बेचाळिसाचा. पोरगी सतराची, लग्न व्हायचं होतं. कासुर्डीकडं एका बागायतदाराच्या गुऱ्हाळावर आम्ही तिघं कामाला. मी चुलवणावर जाळ घालायला, मायलेकी चिपाडं वाळवायला.

एक दिवस पोरगी रस उकळायच्या काहिलीपाशी ओकली. मालकीण सगळ्यांदेखत म्हणाली, "का गं, तीन महिने झाले, तू बाजूला बसली न्हाईस."

रीतच होती तशी. पाळीच्या बाईनं काहिलीजवळ यायचं न्हाई, गूळ नासतो म्हणायचे. त्यामुळं कोण कवा बाजूला बसली, सगळ्या गुऱ्हाळाला ठाव. मालकिणीनं तिची ओढणी ओढली. पोट वर आलेलं. एक गडी हसला, "काकवी चाखली वाटतं कुणीतरी."

गावच्या डॉक्टरनं कपड्यावरनंच पोट दाबलं. "उलटी, पाळी न्हाई, पोट वर. अजून काय पायजे? कुणाचं हाय ते विचार तिला."

पोरगी एवढंच म्हणाली, "आप्पा, मी कुणापाशी गेले न्हाई."

तिची आई म्हणाली, "हिचे हात बघा, काड्या झाल्यात. सांजच्याला अंग तापतं. गरवार बाई अशी वाळती व्हय?"

दौंडला मोठ्या दवाखान्यात न्यावं, तर गाव म्हणणार पाडायला नेली. घरात ठेवावं, तर लपवली. दोन्हीकडनं कोंडलेलो.

सांजच्याला मालक वस्तीवर आला. माझ्याच दारात मला म्हणाला, "पहाटं अंधारातच ने तिला. गावात घाण नको. मोकळी करून आण, कामावर ठिवतो."

पहाट झाली, मी निघालो न्हाई.

पोटाचा क्षय निघाला तिला, पण ते पुढं. त्या सकाळी मला काय बी ठाव नव्हतं.

त्या सकाळी उन्हं चांगली वर येऊ दिली. पोरीला पुढं घातली आन् मुद्दाम गुऱ्हाळावरनं निघालो. काहील उकळत होती, सगळे होते.

मालक म्हणाला, "कुठं रं?"

"दौंडला. सरकारी दवाखान्यात. लघवी तपासायची, पोट तपासायचं. पोर निघालं तर माझं नातवंड हाय. रोग निघाला तर बरा करीन. पण तुमच्या काहिलीपाशी माझ्या घरची बाई परत उभी ऱ्हाणार न्हाई."

कुणी हसलं न्हाई. फाट्यावर जाऊन मी यष्टीला हात केला.